वजनकाट्याची साक्ष अपुरी

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात, जेथे परप्रांतातून आलेला मजूर बारा-बारा तासांच्या पाळीत मागांच्या खडखडाटात उभा राहून राबतो आणि खानावळीच्या भात-डाळ-बटाट्यावर महिनोन्महिने काढतो, तेथे मधुमेहाची चर्चा पुष्कळांस अप्रस्तुत वाटेल. कारण तो स्थूल, सुखवस्तू आणि बैठ्या माणसाचा विकार होय, ही समजूत इतकी रुजली आहे की कृश माणसास आपण निरोगीपणाचा दाखला केवळ पाहूनच देऊन टाकतो. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिचे खंडन पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींच्या पोषणाचा जो अभ्यास आरंभिला, त्यात असे दिसून आले की, तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळच हलकी असली, तरी त्यांच्यातील तूट मुख्यतः स्नायूंची होती. त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण मांडले: उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. जो काटा या दोन देहांतील भेद सांगू शकत नाही, त्याच्यावर एका शहराचे आरोग्य कसे तोलावे?

म्हणून कंबरेचा घेर मोजला पाहिजे (आपल्याकडे पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही धोक्याची हद्द मानतात) आणि रक्तास विचारले पाहिजे. उपाशीपोटीचे इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड, आणि विशेषतः एचबीए१सी या खुणा देहातील घडामोडी काट्याच्या आधी सांगू लागतात. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते, ५.७ टक्क्यांपासून सावधगिरी आणि ६.५ पासून मधुमेह, असा तिचा अर्थ लावतात. या तपासणीस उपाशी राहावे लागत नाही, हे रात्रपाळी करून सकाळी निजणाऱ्या मजुरासाठी केवढे सोयीचे!

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याचा जो प्रचार केला, त्यामुळे एचबीए१सी हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्या आहारपद्धतीविषयी मतभेद आहेत, आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवल्यावाचून केवळ अनुभवांवरून निष्कर्ष काढणे शास्त्रास मान्य होणार नाही. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने वैद्यांस विचारल्याविना जेवणे कमी करणे हे तर प्राणावर बेतू शकते. तथापि आहार बदलण्यापूर्वी रक्त तपासावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, हा त्यांचा आग्रह सर्वथा योग्य आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. लोहाच्या अभावाने पांडुरोग झालेल्या माणसाचे एचबीए१सी खऱ्याहून अधिक दिसू शकते. आणि अपुऱ्या अन्नावर राबणाऱ्या वस्तीत हा अभाव दुर्मीळ नव्हे. हिमोग्लोबिन न मोजता या आकड्यावर विसंबणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसविणे होय.

राष्ट्रीय कार्यक्रमातील मधुमेहाची तपासणी तिशीनंतर सुरू होते आणि मागावरचा तरुण त्यातून वगळला जातो. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने यंत्रमाग मालकांस विश्वासात घेऊन, पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या दारातच कंबर, हिमोग्लोबिन व एचबीए१सी मोजण्याची तजवीज करावी, तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, आणि निकालाचा कागद दप्तरात न ठेवता मजुराच्या हाती द्यावा, म्हणजे तो गावी गेला तरी तेथील वैद्यास दाखवू शकेल. यासाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.