माजघराची किल्ली

जुलै २०२३ मध्ये भोपाळच्या रातीबड भागात आईवडील व दोन बालके असे चौघांचे कुटुंब मृत्युमुखी पडले. फोनवरून मिळणाऱ्या कामाच्या आमिषाने त्या गृहस्थावर कर्ज चढले, आणि पुढे विकृत केलेली छायाचित्रे परिचितांत पसरविण्याच्या धमक्या आल्या, असे मागे राहिलेल्या पत्रावरून कळले. त्या दुर्दैवी जीवांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु अशा व्यवहारांत चोर बहुधा कोणत्या दाराने शिरतो, हे वाचकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

झटपट कर्ज देणारे अ‍ॅप फोनवर घेताना ते संपर्कयादी, छायाचित्रे व ठावठिकाणा पाहण्याची परवानगी मागते. गरजेच्या घाईत आपण होकार देतो. ओटीवर आलेल्या परक्यास आपण माजघराची किल्ली कधी देतो काय? शिवाय संपर्कयादी केवळ आपली नव्हे. तीत मावशीचा, शेजाऱ्याचा, मुलांच्या शिक्षिकेचा क्रमांक असतो. त्यांनी तो आपल्यावर विश्वासून दिलेला असतो. वसुलीच्या वेळी धमकीचे निरोप याच माणसांकडे जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाच्या अ‍ॅपांना संपर्कयादी, फोनमधील फायली व कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. कॅमेरा वा ठावठिकाणा ओळख पटविण्यापुरता, एकदाच आणि स्पष्ट संमतीने घेता येतो. तेव्हा जे कर्जाचे अ‍ॅप संपर्कयादी मागते, ते त्याच क्षणी आपली खरी ओळख देते. त्यास तेथेच निरोप द्यावा. पूर्वी दिलेल्या परवानग्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन काढून घेता येतात. आज रात्री जेवणानंतर मुलांना जवळ बसवून हे काम अवश्य करावे.

फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. मन खचल्यास १४४१६ या क्रमांकावर धीर देणारे माणूस भेटते. आणि घरातील कोणी चूक कबूल करू लागला, तर प्रथम रागावू नये, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. धमकी देणाऱ्याचे सारे बळ आपल्या लज्जेत असते. घरात एकदा मोकळेपणाने बोलले गेले, की त्याचे अर्धे बळ तेथेच सरते.