आधी म्होरकी, मग वेसण

आमच्या माणदेशात खोंड शिकवायचा म्हटलं की एकच वाक्य कानावर येतं, ‘त्याची मस्ती जिरवा.’ दोन वर्षं हात न लागता वाढलेला खोंड एका सकाळी चौघांनी दोर टाकून पाडायचा, नाकात दाभण घालायचं, वेसण ओवायची, आणि जखम ओली असतानाच थोराड बैलाच्या जोडीला धरून ढेकळातून पळवायचा. खाली बसला तर शेपूट पिरगळायची, तरी उठला नाही तर दातांनी चावायची. मग पारावर बसून सांगायचं, खोंड वळवला. मी म्हणतो, खोंड मोडला. वळवलेला बैल हाकेला मान फिरवतो, मोडलेला बैल हात वर झाला की अंग चोरतो. आणि हा फरक ज्याला दिसत नाही, त्यानं दावणीला जनावर बांधू नये.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. जनावरांच्या डॉक्टरची पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण साठी उलटेपर्यंत गोठ्यात वावरलोय, आणि एवढं छातीवर हात ठेवून सांगतो की जनावर दोरी ओढल्यानं शिकत नाही, दोरी सैल सोडल्यानं शिकतं. सगळी विद्या या एका गोष्टीत आहे.

आमच्या घरात ही विद्या आईकडं होती. बैल वडिलांचे म्हणून ओळखले जायचे, पण त्यांना माणसाळवलेलं असायचं आईनं. वासरू महिन्याचं झालं की सकाळी धार झाल्यावर ती त्याच्या बगलेला बसायची. समोरून चालून जायची नाही, मागून तर नाहीच. गळ्याखालची पोळी खाजवायची, कानामागं बोटं फिरवायची, पाय उचलून बघायची. आठवडाभरानं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून केलेली मऊ म्होरकी चढवायची. घायपाताचा दोर लहान वासराला चालत नाही, कातडं सोलतं. म्होरकीचा पट्टा नाकाडाच्या हाडावर यायला हवा. खाली मऊ भागावर घसरला तर श्वास कोंडतो. दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवायची, आणि वासरू वाढेल तशी म्होरकी सैल करायची. हे विसरणाऱ्यांच्या गोठ्यात दोरी मांसात रुतलेली वासरं मी बघितली आहेत.

पहिले दोन दिवस म्होरकी नुसती अंगावर राहू द्यायची. मग आईशेजारी थोडा वेळ बांधायचं, तेही आपण जवळ असताना. दावं आखूड, वासराच्या छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे पाय अडकत नाही. गळ्यात सरकती गाठ कधीच नको. वासरानं झटका दिला की तोच फास होतो. पुढं चालवायची वेळ आली की गाय पुढं आणि वासरू मागं. अडलं तर समोर उभं राहून ओढायचं नाही. वासरू चारी पाय रोवतं आणि ओढाओढीची कुस्ती लागते. बाजूला उभं राहून दोरी हलकी ताणायची. तोल बदलला की त्याला एक पाय उचलावाच लागतो. तो पाय पडला त्याच क्षणी दोरी सैल. वासराला कळतं, पाऊल टाकलं की ताण जातो. उद्या ते दोन पावलं टाकतं. आणि नीट चालत असतानाच थांबायचं, दमून चिडेपर्यंत नाही.

हे सांगितलं की तरुण पोरं म्हणतात, ‘आण्णा, एवढा येळ कुणाला हाय?’ हिशेब करा. रोज दहा मिनिटं, तीस दिवस, म्हणजे पाच तास. वासरू वीस-पंचवीस किलोचं जन्मतं. महिना-दोन महिन्यांचं असताना ते एका बाईच्या हातात मावतं. तेव्हा हे पाच तास दिले नाहीत, तर दोन वर्षांनी तोच खोंड चार माणसांना आवरत नाही. चार माणसांचे दोन दिवस जातात, नाकाच्या जखमेत किडे पडले तर औषधाला पैसे जातात, आणि जनावर जन्मभर माणसाला भितं ते वेगळंच. हातातल्या मोबाईलवर खोंड उधळल्याची चित्रफीत तासभर बघणाऱ्यानं वेळेचं कारण मला सांगू नये.

वेसणीलाच माझा विरोध आहे, असं कुणी समजू नये. भरल्या गाडीचा बैल उतारावर आवरायचा तर वेसण लागते. पण नाकातला तो पडदा जनावराच्या अंगातल्या फार हळव्या जागांपैकी एक आहे. जखम पुरती भरेपर्यंत तिथं दोरीचा ताण येता कामा नये, आणि त्यानंतरही कासरा ढिलाच असावा. ज्या खोंडाला म्होरकीवर चालता, थांबता, वळता येतं, त्याची वेसण नुसती आठवण द्यायला पुरते. ज्याला काहीच शिकवलेलं नाही, त्याला वेसणीनं फक्त दुखतं, आणि का दुखतंय ते कळत नाही.

आता शर्यतीवाले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा बदललेला कायदा उचलून धरला. खिलार टिकावी म्हणून हे व्हायला हवं होतं, असं मलाही वाटतं. पण त्याबरोबर घाई आली. दुधाचे दात न पडलेल्या आदत खोंडावर पैसे लागतात, म्हणून त्याला चालायच्या आधी पळायला शिकवतात. खरसुंडीच्या यात्रेत जुनी माणसं खोंड घेताना दात बघायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि मग कासरा हातात घेऊन चार पावलं चालवून बघायची. हात लागताच जो दबला, त्याची किंमत तिथंच उतरायची. ही पारख अडाण्यांची नव्हती.

दुसऱ्या टोकाला शहरातली दयाळू माणसं आहेत. त्यांना दोरी म्हणजेच गुलामी वाटते. खिळा लावलेल्या काठीचा त्यांना राग येतो, तो मला मान्य आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांतच तसल्या काठीला बंदी आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडं ती दिसते याची लाज आम्हालाच वाटायला हवी. पण दोरीच नको म्हणणाऱ्यांनी २०२२ साली लम्पी आली तेव्हा गोठ्यात यायला हवं होतं. म्होरकीवर शिकलेली कालवड लस टोचेपर्यंत माझ्या दंडाला मान टेकून उभी होती. शेजारच्या वस्तीवर मोकाट वाढलेल्या कालवडीला दोर टाकून पाडावं लागलं, डॉक्टरला लाथ बसली, आणि ती जनावरं पुढच्या वेळी पांढरं कापड बघूनच उधळू लागली. दया कुठल्या गोठ्यात होती?

‘ट्रॅक्टर आल्यावर बैल शिकवून करायचं काय’ हाही प्रश्न येतो. दोन एकराच्या तुकड्यात उभ्या ज्वारीत कोळपं अजून बैलच नेतो. आणि बैल नाही म्हणून गाय, कालवड, रेडकू तर नाहीत असं नाही ना? दवाखान्यात, बाजारात, डांबरी रस्त्यावर त्यांना माणसाच्या हातानंच चालायचं आहे.

तेव्हा तुमच्या दावणीला या महिन्यात वासरू झालं असेल, तर त्याच्या मस्तीची चिंता सोडा. घरातली म्हातारी असेल तर तिला विचारा म्होरकी कशी वळायची. उद्या धार झाली की दहा मिनिटं त्याच्या बगलेला बसा. दोरी नंतर. आधी हात लावा.