निरोप कोणी पोहोचवायचा?

प्रवेशाची माहितीपुस्तिका असो, नोकरभरतीची जाहिरात असो वा एखाद्या परीक्षेची सूचना असो, तिच्या अखेरीस एक वाक्य हटकून आढळते : उमेदवारांनी अद्ययावत माहितीसाठी वेळोवेळी संकेतस्थळास भेट द्यावी. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु त्याचा अर्थ असा की, माहिती संस्थेजवळ आहे, ती केव्हा बदलली हेही प्रथम संस्थेलाच कळते, आणि तरीही ती बदलली की नाही हे पाहण्यासाठी खेटे मात्र उमेदवाराने घालावयाचे. पूर्वी हे खेटे कचेरीच्या जिन्यावर घालावे लागत. आता ते मोबाइलच्या पडद्यावर घालावे लागतात, एवढाच फरक. विशेष हे की, त्याच अर्जात उमेदवाराचा ई-मेलचा पत्ता सक्तीने भरून घेतलेला असतो. पत्ता घ्यायचा आणि पत्र टाकायचे नाही, हा व्यवहार मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

तो अधिकच विलक्षण ठरतो याचे कारण असे की, पत्र आपण होऊन माणसाच्या खिशात नेऊन पोहोचविण्याची युक्ती आता पाव शतकाहून जुनी झाली आहे. 'पुश ई-मेल' हे तिचे नाव. ती काय आहे हे टपालखात्याच्या भाषेत सांगणे सर्वांत सोपे. पत्र मिळण्याच्या दोन रीती पूर्वापार होत्या. एकीत पत्र टपालकचेरीत पडून राही आणि ज्याचे त्याने खिडकीशी जाऊन 'आमचे काही आले आहे का?' म्हणून विचारावयाचे. दुसरीत पोस्टमन दारी येई. ई-मेल वाढला तो पहिल्या रीतीवर. पत्र धाडण्याचा एसएमटीपी हा नियमसंच १९८२ साली ठरला आणि तेव्हापासून एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे पत्र सोपविण्याचे काम बिनबोभाट चालू आहे. परंतु टपालपेटीपासून माणसापर्यंतचा शेवटचा टप्पा माणसानेच चालावयाचा होता. संगणक सुरू करायचा, दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी मिळवायची, पेटी उघडायची आणि बहुधा ती रिकामी पाहून पुन्हा मिटायची. तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी हे केले, त्यांना त्याची किंमत सांगावयास नको.

कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ साली ब्लॅकबेरी नावाचे पेजरवजा यंत्र बाजारात आणले आणि हा शेवटचा टप्पा मिटला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये एनटीटी डोकोमोची आय-मोड सेवा सुरू झाली. तेथेही पत्रे आपण होऊन फोनवर येऊ लागली. युक्ती साधी आहे. फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक जोडणी उघडी ठेवायची. तिच्यावरून एरवी जवळजवळ काहीच जात नाही. पत्र आले की सर्व्हर फोनला हाक मारतो. आयमॅप या प्रचलित पद्धतीत १९९७ साली 'आयडल' नावाच्या आज्ञेची भर पडली ती याच हेतूने. तीत फोनने निदान २९ मिनिटांतून एकदा 'मी आहे' एवढे पुन्हा सांगावे, असा दंडक सुचविलेला आहे. उलट, दर १५ मिनिटांनी पेटी तपासायची म्हटले, तर दिवसाकाठी ९६ फेऱ्या होतात. पत्रे दहा आली, तर त्यांतल्या किमान ८६ फुकट. शिवाय प्रत्येक फेरीत फोनची रेडिओयंत्रणा जागी होते आणि काम संपल्यावरही काही सेकंद जागीच राहते. बॅटरी उतरते ती पत्रांनी नव्हे, तर या निष्फळ चौकशीने. फोनची दमछाक अभियंत्यांनी मोजली आणि थांबविली. संकेतस्थळ दिवसातून दहा वेळा उघडून पाहणाऱ्या विद्यार्थ्याची दमछाक मोजणारा कोणी अद्याप भेटलेला नाही.

आरंभी ही सोय बड्यांची होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत दूरध्वनीचे मार्ग तुंबले असता ब्लॅकबेरीवरील पत्रे मात्र जात-येत राहिली, आणि त्यानंतर तेथील प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना ही यंत्रे देण्यात आली. भारतात २००४ साली एअरटेलने ती आणली तेव्हा कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी हाच तिचा ग्राहक होता. वस्तुतः या माणसाला पत्र तासभर उशिरा मिळाले असते तरी फारसे बिघडत नव्हते. निरोप आणून द्यावयास त्याच्या दाराशी चिटणीस आणि शिपाई उभेच होते. पुढे २००९ साली ॲपलने आपल्या फोनसाठी सर्व कार्यक्रमांची मिळून एकच पुश-जोडणी उपलब्ध केली, अँड्रॉइडवरही तशी सोय झाली, आणि २०१६ नंतर भारतात इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही यंत्रणा शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशात येऊन बसली. ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. रीत तेवढी मागे उरली.

या रीतीचा गौरव बहुधा वेगासाठी केला जातो. तो अस्थानी आहे. पत्र तीन सेकंदांत आले काय किंवा दहा मिनिटांत आले काय, सामान्य माणसाच्या आयुष्यात त्याने फार फरक पडत नाही. खरा लाभ आहे तो विचारावे न लागण्याचा. विचारण्यात वेळ जातोच, शिवाय मन गुंतून पडते आणि विचारणारा नकळत याचक होतो. निरोप आपण होऊन येणार अशी खात्री असली, तर माणूस दरम्यान अभ्यास करू शकतो, वर्ग घेऊ शकतो, निश्चिंतपणे झोपू शकतो. फोन डोंगराआड, संपर्काबाहेर गेला तरी पत्र सर्व्हरवर थांबते आणि संपर्क येताच पोहोचते. हुकलेल्या दूरध्वनीसारखे ते वाऱ्यावर जात नाही. चिटणीस ज्याच्या दिमतीला नाही, त्यालाच या सोयीची गरज सर्वांत अधिक आहे.

आपल्या संस्थांना हे उमगत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. प्रतीक्षा यादीतले तिकीट पक्के झाले की नाही, हे रेल्वे तक्ता तयार झाल्यावर प्रवाशाला संदेशाने कळविते. बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्वच मांडले. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि त्यात दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविल्यास त्याच्यावर तोशीस पडणार नाही, असे त्या परिपत्रकाने ठरविले. त्यातली मेख तीन दिवसांत नाही. ते तीन दिवस केव्हापासून मोजावयाचे, यात आहे. मुदत सुरू होते ती सूचना मिळाल्यापासून. साहजिकच सूचना पाठविणे ही बँकेने केलेली मेहेरबानी राहत नाही. ती तिच्या स्वतःच्या बचावाची गरज होते. आपला पैसा जपण्यासाठी ग्राहकाने तासातासाला पासबुक भरून आणावे, असे कोणी म्हणत नाही.

शिक्षण आणि शासन या क्षेत्रांत नेमके हे तत्त्व हरवते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला, तसेच अर्जाला क्रमांक देऊन त्यावरून अर्जाची स्थिती पाहण्याची तरतूद केली. पाऊल निःसंशय पुढचे होते. परंतु येथेही पाहावयाचे ते नागरिकानेच. प्रवेशाच्या फेऱ्यांत तर जागा मिळाल्यावर ती स्वीकारण्यास मोजके दिवस असतात आणि ते उलटले की जागा जाते. ज्याच्या घरी एकच फोन आहे व तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, त्या मुलाने यादी केव्हा लागली हे कसे जाणावे? ई-मेल वा संदेश कोणी पाठविलाच, तर तो निव्वळ सौजन्यापोटी. तो न मिळाल्यास संस्था जबाबदार नाही, अशी पुस्ती त्याला जोडलेली असते.

यावर कोणी म्हणेल की, निरोप तर आता व्हॉट्सॲपवर क्षणात येतात. येतात खरे, शाळांमध्ये परिपत्रके बहुशः त्याच वाटेने पोहोचतात. रात्री साडेनऊला कोणाच्या तरी फोनवरून कोणी तरी पुढे ढकललेले, तिरप्या छायाचित्रातले परिपत्रक. मूळ कोणाचे, त्यात नंतर दुरुस्ती झाली की काय, याचा पत्ता नाही. आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात 'केव्हा कळविले?' असा प्रश्न आला, म्हणजे कारकून फोनमधले जुने संदेश उपसत बसतो. फोन बदलला असेल तर तेही नाही. ई-मेलवर धाडणाऱ्याचे नाव, दिनांक, वेळ आणि सोबतचा मूळ कागद ही सारी एकत्र राहतात, आणि ती पाहण्यासाठी अमुकच कंपनीचे दार ठोठवावे लागत नाही. बनावट पत्रांचा धोका त्यातही आहे; परंतु कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावरून आलेले पत्र ओळखणे हे फिरत आलेले छायाचित्र ओळखण्याइतके अवघड खचित नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पत्र दारी येऊ लागले तसा साहेबही घरात येऊ लागला. रात्री दहाला आलेल्या पत्राला सकाळपूर्वी उत्तर हवे, ही अपेक्षा पुश ई-मेलबरोबरच रुजली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीने २०११ साली कामगार प्रतिनिधींशी बोलणी करून यावर उपाय काढला : पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सर्व्हर कामगारांच्या ब्लॅकबेरीवर पत्रे पाठविणे थांबवी आणि पुढच्या पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करी. फ्रान्समध्ये संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले. ते कायद्याच्या रूपास आले नाही. यातले फोक्सवॅगनचे उदाहरण विशेष बोलके आहे. पोस्टमन दारी येई, पण तो मध्यरात्री येत नसे, आणि म्हणून कोणी पोस्टमनच नको असे म्हटले नाही. वरिष्ठाच्या हुकमाला वेळेची मर्यादा घालणे आणि नागरिकाला त्याच्याच कामाची बातमी देणे या दोन गोष्टींची गल्लत करण्याचे कारण नाही.

यासाठी नवे पोर्टल नको, नवे ॲप तर नकोच. त्यांची गर्दी आधीच पुरेशी झाली आहे. अर्जाची स्थिती बदलली की अर्जदाराच्या नोंदविलेल्या पत्त्यावर त्याच क्षणी एक पत्र जावे आणि ते गेल्याची नोंद कार्यालयात राहावी, एवढेच पुरे. ज्यांच्यापाशी ई-मेल नाही त्यांच्यासाठी एसएमएस आणि सूचनाफलक राहावेतच. आणि प्रवेशाची, हरकतीची वा अपिलाची मुदत मोजावयाची ती यादी संकेतस्थळावर चढविल्याच्या तारखेपासून नव्हे, तर बँकेच्या ग्राहकाप्रमाणेच, निरोप मिळाल्यापासून मोजावी. हा एक नियम झाला, तर पत्रे पाठविण्याची आठवण कार्यालयांना वेगळी करून द्यावी लागणार नाही.