जात्यातले आणि सुपातले

मिरजेहून कोल्हापूरकडे येणारी गाडी रुकडी सोडून पुढे आली, की वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी रोज या स्थानकावरून ये-जा करतात. पलीकडेच गांधीनगर. घरात लग्न निघाले की कापड घ्यायला आपण सारे तिथे धाव घेतो, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस करतो आणि गाठोडे घेऊन परततो. ज्या जागेवर उभे राहून आपण ही घासाघीस करतो, ती जागा एकदा नव्हे, दोनदा निर्वासितांची छावणी होती, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथे जागा मिळाली आणि त्यातून आजचे गांधीनगर उभे राहिले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण ही छावणी मुळात त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. ती होती पोलंडच्या लोकांसाठी. १९३९ साली एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशिया अशा दोघांनी मिळून पोलंड गिळला. पूर्व भागातल्या लाखो माणसांना रशियाने मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडले. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा समझोता होऊन या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यांतले हजारो लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले आणि तिथून जगभर पांगले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला. आणि १९४३ ते १९४८ या काळात आपल्या पंचगंगेच्या काठी, वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले.

माझी आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. आपल्या आईबरोबर ती छावणीच्या फाटकापर्यंत भाजीची पाटी घेऊन जाई. तिला आठवते ते एवढेच, की "बाया गोऱ्या हुत्या, पर गरीब हुत्या." गोरा माणूस म्हणजे साहेब, हे गावाला ठाऊक होते. गोऱ्या बाईलाही दोन पैशांसाठी भाव करावा लागतो, तिच्याही पोराच्या पायात चप्पल नसते, हे गावाने तिथे पहिल्यांदा पाहिले. त्यांची भाषा आपली नव्हती, धर्म आपला नव्हता, खाणेपिणे आपले नव्हते. तरीही पाच वर्षे ती माणसे तिथे राहिली. त्यांच्या शाळा भरल्या, प्रार्थना झाल्या, नाटके झाली. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत.

हा इतिहास पोलंड विसरलेला नाही. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्याचे स्मारक आहे. वॉर्सा शहरातही कोल्हापूरचे नाव असलेले स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हा वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून आपण सर्वांनी कॉलर ताठ केली होती.

त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, त्याच पोलंडने एक कायदा केला. बेलारूसच्या सीमेवरून आत येणाऱ्या माणसाचा आश्रयासाठी अर्ज करण्याचा हक्कच या कायद्याने सरकारला काही काळ स्थगित ठेवता येतो. मुदत साठ दिवसांची. पुढे संसदेच्या संमतीने वाढवायची. २०२५ सालात ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. सोबत कोणी नसलेली मुले, गरोदर स्त्रिया, वय किंवा आजार यांमुळे अगतिक झालेली माणसे, अशांना सूट आहे. बाकीच्यांनी मागे फिरायचे. ज्या देशाच्या राज्यघटनेत १९९७ पासून परकीयाच्या आश्रयाचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्या देशाने हे करावे, याचे आश्चर्य वाटते.

अर्थात पोलंडचीही बाजू आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. २०२१ पासून बेलारूसच्या सरकारने इराक, सीरिया, अफगाणिस्तान अशा देशांतल्या माणसांना आपल्याकडे येऊ दिले आणि पोलंडच्या सीमेवर आणून सोडले. युरोपने घातलेल्या निर्बंधांचा सूड उगवण्याची ही युक्ती होती. पोलंडने २०२२ मध्ये १८६ किलोमीटर लांबीचे, साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभारले. २०२४ मध्ये या कुंपणातून झालेल्या चाकूहल्ल्यात एका पोलिश सैनिकाचा प्राण गेला. शेजारचे राज्य जिवंत माणसांचा दगडगोट्यांसारखा मारा करू लागले, तर गृहस्थाने काय करावे, हा प्रश्न सोपा नाही. शिवाय पोलंडचे काळीज दगडाचे आहे, असेही म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली, तेव्हा पोलंडच्या सामान्य माणसांनी स्थानकांवर जाऊन अनोळखी बायकामुलांना आपापल्या घरी नेले. सुमारे दहा लाख युक्रेनी माणसांना त्या देशाने संरक्षण दिले.

मग खटकते काय? युक्रेनच्या सीमेवर उघडे दार आणि बेलारूसच्या सीमेवर पोलाद, हा भेद तर खटकतोच. चेहरा ओळखीचा वाटला तर घरात घ्यायचे आणि अनोळखी वाटला तर कुंपण दाखवायचे, हा न्याय वळिवड्याला लावला असता तर काय झाले असते? पण त्याहूनही एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. आलेल्या प्रत्येकाला राहू द्यावे, असे कोणताच शहाणा माणूस म्हणणार नाही. चौकशी करावी, खोटे निघाले तर परत पाठवावे. नकार देण्याचा अधिकार राज्याला आहे. ऐकूनच न घेण्याचा अधिकार मात्र त्याला नसावा. पोलंडच्या नव्या कायद्याने माणसाचा अर्ज नाकारला जात नाही, तो घेतलाच जात नाही. तुरुंगातून पळालेला पत्रकार आणि नोकरीच्या शोधात निघालेला तरुण यांच्यातला फरक विचारल्याशिवाय कळणार कसा?

हे ऐकून घेण्याचे मोल वळिवड्याच्या लोकांना चांगलेच ठाऊक होते. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची घरे ज्या प्रदेशात होती, तो प्रदेशच सोव्हिएत रशियाकडे गेला होता. "परत जा" असे म्हणणे सोपे होते. पण ज्या सत्तेने आपल्याला सायबेरियात नेले, तिच्या सावलीत पुन्हा जायला कित्येकांनी नकार दिला. काही परतले, पुष्कळजण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत गेले. युरोपात तेव्हा अशी लाखो माणसे होती. त्यांच्या प्रश्नातूनच १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार जन्माला आला. जिथे जिवाला धोका आहे तिथे कोणाला ढकलून देऊ नये, हे त्याचे मुख्य सूत्र. म्हणजे पोलंड आज जो हक्क स्थगित करीत आहे, तो मिळवून देण्यात त्याच्याच लेकरांच्या हालअपेष्टांचा वाटा आहे! जात्यातले रडतात, सुपातले हसतात, असे आपण म्हणतो. पण जात्यातून वाचून पुन्हा सुपात आलेल्या दाण्याने तरी हसू नये.

पोलंडला चार शब्द सुनावून हा लेख संपवता आला असता. ते अप्रामाणिक ठरेल. कारण त्या कराराचे उल्लंघन व्हायला आधी त्यावर सही तरी असावी लागते. पोलंडने १९९१ साली तो मान्य केला. आपल्या देशाने आजतागायत केलेला नाही.

आपण उदार नव्हतो असे नाही. १९५९ नंतर तिबेटी लोकांना आपण जागा दिली. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही त्यांची वसाहत आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आली, तेव्हा या गरीब देशाने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावून त्यांच्यासाठी पैसा उभा केला. घरातल्या जुन्या पत्रांवर ते तिकीट आजही सापडेल. पण हे सारे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीने झाले. कायद्याने नव्हे. मर्जी असते तोवर माणूस पाहुणा. मर्जी फिरली की तोच घुसखोर.

२०२५ मध्ये ही उणीव भरून काढण्याची संधी आली होती. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा आणि त्याच्या जोडीचे आणखी तीन कायदे रद्द करून संसदेने नवा कायदा केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. वैध पारपत्र व व्हिसा यांवाचून आत येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. निर्वासित म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र त्यात नाही. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने काही गटांना सूट मिळाली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती त्यात आहेत. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आसरा घेतलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळही आहेत. या लोकांना दिलासा मिळाला याचा आनंदच आहे. पण म्यानमारच्या लष्कराला भिऊन मिझोराममध्ये आलेले हजारो चिन लोक या यादीत नाहीत, आणि रोहिंग्याही नाहीत. मिझोरामच्या खेड्यांनी २०२१ मध्ये त्या लोकांना चर्चमध्ये, शाळांमध्ये, आपल्या घरांत ठेवून घेतले. निर्वासिताचा दर्जा देण्याचा राज्यांना अधिकार नाही, असे केंद्राने त्याच वर्षी कळवले होते. तारीख आणि धर्म पाहून सूट देणारी यादी असते. एकेका माणसाचे ऐकून घेणारी व्यवस्था त्यातून होत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळ माणसाचे प्रकरण आले. तो गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगलेला होता, हे सांगितले पाहिजे. त्या वेळी न्यायासनाने तोंडी उद्गार काढले, की भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे. याच न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा लोकांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले होते, की जीविताचे संरक्षण राज्यघटनेने नागरिकांपुरते ठेवलेले नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे.

धर्मशाळा नव्हे, हे मान्य. दीडशे कोटींच्या घरात पाहुण्याला किती दिवस ठेवायचे, ओसरी दिली की तो हातपाय पसरेल का, या शंका खोट्या नाहीत. परंतु पंढरपूरच्या साध्या धर्मशाळेतसुद्धा दाराशी एक वही असते. नाव काय, कुठून आलात, किती जण आहात, हे विचारून व्यवस्थापक वहीत लिहितो आणि मग जागा आहे की नाही ते सांगतो. आपल्याजवळ तेवढी वही तरी कुठे आहे? दिल्लीत संयुक्त राष्ट्रसंघाचे कार्यालय काही निर्वासितांना ओळखपत्र देते, पण त्या पत्राला आपल्या कायद्याचा आधार नाही. न्यायमूर्ती भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९९० च्या दशकात निर्वासितांसाठी एका नमुना कायद्याचा मसुदा तयार झाला होता. पुढे लोकसभेत खाजगी विधेयकेही आली. कायदा झाला नाही.

मागणी फार मोठी नाही. आलेल्या माणसाचा अर्ज घ्यावा. त्याला कळेल अशा भाषेत त्याचे म्हणणे ऐकावे. निर्णय लेखी द्यावा, एकदा अपिलाची संधी द्यावी, आणि तोवर त्याला जिवाच्या धोक्यात ढकलू नये. उत्तर "नाही" असले तरी चालेल. ते ऐकून दिलेले असावे.

कायदा करणे आपल्या हातात नाही, हे खरे. पण माणसाची हकीकत ऐकण्याआधी त्याला घुसखोर म्हणणे तर आपल्या हातात आहे ना? ते थांबवता येईल. पुढच्या वेळी गांधीनगरला कापड घ्यायला गेलात, तर भाव झाल्यावर गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या शेटजींना विचारून पाहा, "तुमचे वडील कुठून आले? येताना काय काय मागे राहिले?" मी एकदा विचारले होते. त्यांनी हातातली फूटपट्टी खाली ठेवली आणि चहा मागवला. आमची गाडी चुकली.

(तृतीय वर्ष कला)