हिशेबाची किल्ली कोणाच्या खिशात?



डेअरीवर दूध घालणारा शेतकरी काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. चिठ्ठीवर फॅट किती, एसएनएफ किती, तेही वाचतो. पण या दोन आकड्यांवरून दर काढणारा हिशेब ज्या संगणकात भरला आहे, त्याच्या पोटात काय चालते हे तो विचारत नाही. विचारले तरी उत्तर मिळत नाही. सचिव म्हणतो, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ते कंपनीचे गुपित आहे. घामाचा हिशेब आमचा आणि गुपित मात्र कंपनीचे, ही कुठली रीत?

चोपडी होती तेव्हा बेरीज चुकली तर चौथी शिकलेला सभासदही बोट ठेवून चूक दाखवू शकत होता. आता चोपडी गेली, संगणक आला. संगणक आला याचे आम्हाला दुःख नाही, आनंदच आहे. तंत्रज्ञानाला घाबरणारी जमात आम्ही नव्हे. आमचे भांडण यंत्राशी नाही, यंत्राला लावलेल्या कुलुपाशी आहे.

हे कुलूप फक्त आपल्याच दारावर आहे असे समजू नका. अमेरिकेतला शेतकरी लाखो डॉलरचा ट्रॅक्टर घेतो आणि ऐन कापणीत तो बंद पडला की कंपनीच्या माणसाची वाट पाहत बांधावर बसतो, कारण बिघाड शोधणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असते. तिथल्या शेतकऱ्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. ते विधिमंडळात गेले, कोर्टात गेले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने जॉन डियर कंपनीवर याच प्रश्नावर दावा दाखल केला. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा हक्क मागायला कोर्टात जावे लागते, अशी ही दुनिया आहे.

या दुनियेत एक वेगळी वाटही आहे. ती एका प्रिंटरपासून सुरू झाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर काम करीत होता. जुन्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर या मंडळींनी स्वतः सुधारले होते. कागद अडकला की काम पाठवणाऱ्याला संगणकावर निरोप मिळे. नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी सॉफ्टवेअरची मूळ प्रत, कोणी देईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्याच्याकडे ती होती, त्याने गुप्ततेचा करार दाखवून हात वर केले. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमनने जाहीर केले की कोणालाही उघडता येईल अशी संपूर्ण संगणक प्रणाली आपण लिहिणार. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला. दोन्ही मिळून आज जिला लोक लिनक्स म्हणतात ती प्रणाली उभी राहिली.

या सॉफ्टवेअरसोबत चार हक्क येतात. हव्या त्या कामाला वापरा. आत काय आहे ते वाचा आणि बदला. शेजाऱ्याला प्रत द्या. आपण सुधारलेली प्रतही द्या. शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. बियाणे राखून ठेवणे, पेरणे, निवडणे आणि सोयऱ्याला देणे ही आपली जुनीच चाल. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही ती मान्य केली आहे. ब्रँड लावून विकता येणार नाही, एवढी अट घातली. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र प्रत देणाऱ्यालाच चोर म्हणण्याची पद्धत पडली.

इथे आमचे काही हुशार कार्यकर्ते म्हणतील, चोर तर चोर, बाजारात पन्नास रुपयांत सगळे टाकून मिळते, मग या भानगडी कशाला? चोरीची प्रत हे स्वातंत्र्य नाही, ती उधारीची गुलामी आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणे हा गुन्हा आहे. शिवाय चोरून आणलेल्या कुलपाचीही किल्ली तुमच्याकडे नसतेच. उद्या कंपनीने हात काढून घेतला की चोर आणि गिऱ्हाईक एकाच रांगेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद झाला. नव्या आवृत्तीच्या अटीत न बसणारे चांगले चालते संगणक शाळांत, सोसायट्यांत आणि ग्रामपंचायतींत पडून आहेत. बैल धडधाकट असताना केवळ दावे जुने झाले म्हणून तो विकायचा, असा हा सल्ला आहे. तेच संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे चालू शकतात. मराठीत चालू शकतात. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून वापरता येतात. देवनागरीचे मोकळे फाँट कोणालाही घेता येतात.

मराठीचा विषय निघाला म्हणून सांगतो. चळवळीतल्या अनेकांकडे जुन्या ठरावांच्या, पत्रकांच्या फायली आहेत. त्या त्या काळच्या खासगी फाँटात टाइप केलेल्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अक्षरांच्या जागी खिचडी दिसते. शब्द आपले, पण ते वाचण्याचा परवाना दुसऱ्याचा. युनिकोडसारखे खुले प्रमाण वापरले असते तर ही पाळी आली नसती. खुलेपणा ही शहरी पोरांची हौस नव्हे, तो आपल्या दप्तराचा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्दा. सोर्स कोड खुला असून भागत नाही. सातबारा मराठीत असला तरी वाचणारा गावात नसेल तर तलाठी सांगेल ते खरे. तसेच हे आहे. वाचण्याचा हक्क आणि वाचणारी माणसे, दोन्ही लागतात. म्हणून आमची मागणी सॉफ्टवेअरची नाही, माणसांची आहे. तालुक्याच्या गावी मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा गट उभा करा.

हे नवे नाही. १९९० च्या दशकात मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर इथे असे लिनक्स गट निघाले. इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालत होते. पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडी हातोहात फिरत. एखाद्याच्या ऑफिसात नाही तर कॉलेजच्या खोलीत मंडळी जमत आणि एकमेकांची यंत्रे दुरुस्त करीत. केरळात शिक्षकांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला आणि सरकारी शाळांचे संगणक लिनक्सवर गेले. मल्याळम भाषेची साधने तिथल्या तरुणांनी स्वतः घडवली. जे शहरात जमले, जे केरळात जमले, ते आमच्या तालुक्यात का जमू नये? संगणकाचे ज्ञान इंडियाने ठेवायचे आणि भारताने फक्त बटण दाबायचे, हा कोणता न्याय?

गट कसा चालवायचा? महिन्यातला एक वार आणि एक जागा ठरवा, आणि ती बदलू नका. बाजाराचा दिवस उत्तम, कारण माणसे तशीही तालुक्याला येतात. शाळेची खोली, वाचनालय, सोसायटीचा हॉल, काहीही चालेल. पहिल्या वेळी तिघे आले तरी बैठक घ्या. दुसऱ्या वेळी दोघेच आले तरी घ्या. भाषण अर्ध्या तासाच्या वर नको. बाकीचा वेळ यंत्रावर हात चालला पाहिजे. प्रणाली पेन ड्राइव्हवर ठेवा. तिच्यावरून संगणक आधी नुसता चालवून पाहता येतो, आतले काही पुसावे लागत नाही. कायमची बसवण्याआधी मालकाच्या फायलींची दुसरी प्रत काढा. प्रत काढल्याशिवाय कोणाच्याही यंत्राला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम, जो शिकला त्याने दोघांना शिकवायचे. तिसरा, प्रश्न विचारणाऱ्याला हसायचे नाही. बचत गटाचा हिशेब लिहिणारी बाई एकदा अपमान होऊन गेली तर पुन्हा येणार नाही, आणि गटाला खरी गरज तिचीच आहे. चौथा, सुटलेली प्रत्येक अडचण मराठीत वहीत लिहून ठेवायची. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मानद सल्लागार अशी खोगीरभरती नको. जागा उघडणारा एक, वही सांभाळणारी एक, बस झाले. कंपनीकडून चहासुद्धा घेऊ नका. चहा पाजणारा उद्या फलक लावायला सांगतो.

आणि खोटे बोलू नका. काही प्रिंटर, डिजिटल सहीची काही साधने आणि काही हिशेबाची पॅकेजे लिनक्सवर नीट चालत नाहीत. तिथे साफ सांगा की हा संगणक आहे तसाच राहू द्या. दोन यंत्रे चांगली चालली तर तिसरा आपणहून येईल. एकाचे काम अडले तर बोभाटा दहा गावांत होईल.

अशी मंडळी तालुक्यात तयार झाली की मग खरा सवाल विचारता येईल. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला पसंती देण्याचे धोरण याच केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले आहे. आमचे कर्ज, आमचे व्याज, आमची थकबाकी ज्या सॉफ्टवेअरात मोजली जाणार, ते आतून पाहण्याचा हक्क सभासदाला आहे की नाही, हे वार्षिक सभेत उभे राहून विचारा. दूध संघात दराचे सूत्र विचारा. उत्तर आले तर ते वाचू शकणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर असला पाहिजे. नाही तर तेही कागद आपण डोक्याला लावून घरी आणू.

या जिल्हा बैठकीतून परतताना प्रत्येक तालुक्याने तीन नावे, एक जागा आणि एक वार लिहून द्यावा. निधी नको, परवानगी नको, उद्घाटनाला पुढारी तर नकोच. एक पडून असलेला संगणक, एक पेन ड्राइव्ह आणि शिकायची तयारी असलेली चार माणसे एवढे भांडवल पुरे आहे. काटा तपासायला आपण शिकलो. आता काट्यामागचा हिशेब तपासायला शिकू.