पांदणीची गाडी कीं आखाड्याची?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, कीं आमच्या मुखेड तालुक्यांतील वाड्या-तांड्यांकडे जाणाऱ्या वाटांचें रूप पालटतें. बालाघाटाच्या रांगांतील मुरमाड चढांवर गोटे उघडे पडतात. आणि चढ संपून काळ्या रानांत पाऊल टाकावें, तर माती जोड्यास अशी घट्ट धरते कीं जोडे हातांत घेऊन चालणेंच बरें वाटतें. डांबरी सडकेवर डौलानें धांवणारी मोटारसायकल अशा वेळीं पांदणीच्या तोंडाशीं अडून राहते. पुढचें चाक आणि त्यावरील मडगार्ड ह्यांच्यामधल्या फटींत काळी माती ठासून बसते व चाक फिरेनासें होतें. शेतीवाडी असलेल्या प्रत्येक कुटुंबास हा अनुभव आहे. म्हणून घरांतील एखादा तरुण मुलगा 'चिखलांत चालणारी गाडी घेऊं' म्हणूं लागला, तर ती निव्वळ चैनीची मागणी मानून उडवून लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें. मात्र त्यास प्रथम एवढेंच विचारावें, कीं बाळ, तूं नेमकी कोणती गाडी म्हणतोस?

हें विचारण्याचें कारण असें, कीं ह्या वर्गांत दोन अगदीं भिन्न जातींचीं वाहनें मोडतात, आणि तरुण मंडळी दोहोंसही सरसकट 'डर्ट बाईक' म्हणतात. एक ट्रेल मोटारसायकल. ती कच्च्या वाटेनें जाते आणि सडकेवर चालविण्यासही तिला परवानगी असते. दुसरी खरी डर्ट बाईक. ती मातीच्या बंदिस्त मैदानांत शर्यतीसाठीं किंवा सरावासाठीं बनविलेली असते. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ह्या चार गोष्टी सांगण्याचा प्रघात आहे. तो येथें लावला तर दोहोंचा विषय एकच, माती. परंतु प्रयोजन भिन्न आणि अधिकारीही भिन्न. सोयीसाठीं पहिलीस आम्ही पांदणीची गाडी म्हणतों व दुसरीस आखाड्याची.

दोहोंची कुळकथा थोडक्यांत सांगूं. आखाड्याचा वंश इंग्लंडांतला. १९२४ सालीं सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें खडबडीत माळावर मोटारसायकलींची शर्यत झाली. तिला 'स्क्रॅम्बल' म्हणत, आणि पुढें त्याच खेळास मोटोक्रॉस हें नांव पडलें. पांदणीच्या गाडीस जगभर प्रतिष्ठा मिळाली ती जपानच्या यामाहा कंपनीनें १९६८ मध्यें आणलेल्या 'डीटी-१' ह्या गाडीमुळें. आपल्याकडे मात्र कच्च्या रस्त्यांचें ओझें राजदूत, येझदी, लुना आणि १९८५ नंतर शंभर सीसीच्या गाड्या ह्यांनींच वाहिलें. दुधाचे कॅन, खताचें पोतें आणि बाजाराला निघालेले आजोबा हीं सर्व त्यांच्यावरूनच गेलीं. हिरो कंपनीनें २०११ मध्यें 'इम्पल्स' नांवाची दीडशे सीसीची ट्रेल गाडी काढली. ती फार काळ टिकली नाहीं. २०१९ मध्यें त्याच कंपनीची 'एक्सपल्स २००' आली, आणि ही जात आपल्या लहान गांवांतूनही दिसूं लागली.

ह्या एक्सपल्सकडे पाहिलें असतां पांदणीच्या गाडीचे गुण ध्यानांत येतात. पुढचें चाक २१ इंची, मागचें १८ इंची. मोठें चाक गोट्यावरून सहज चढून जातें. लहान चाक त्यास अडखळतें. गाडीचें पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, त्यामुळें बैलगाडीच्या चाकोरीमधला उंचवटा तिला लागत नाहीं. चाकांस तारा असतात; त्या वांकल्या तर गांवचा कारागीरही नीट करूं शकतो. दोषही सांगितले पाहिजेत. बैठक ८२० मिलिमीटरांहून अधिक उंच असल्यानें बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीस पुरते टेकत नाहींत, आणि मागें चढतांना वृद्धांची तारांबळ होते. वजन दीडशे किलोंहून अधिक. चिखलांत आडवी झाली तर एकट्यानें उभी करणें कठीण. शिवाय खांचेदार टायर डांबरावर लवकर झिजतात.

आतां आखाड्याची गाडी. कावासाकीची 'केएक्स २५०' घ्या. तिचें वजन शंभर ते एकशेदहा किलोंच्या दरम्यान. म्हणजे ती पडली तरी तरुण मुलगा लगेच उचलील. एक्सपल्सचा पुढचा शॉकअप १९० मिलिमीटर दबतो, तर हिचा सुमारें ३०० मिलिमीटर. म्हणून मनुष्यभर उंचीची उडी मारून ती पुन्हा चाकांवर उतरते. चपळाईंत पांदणीची गाडी तिच्या पासंगासही पुरणार नाहीं. परंतु तिला दिवा नाहीं, भोंगा नाहीं, आरसे नाहींत. तिची देखभाल किलोमीटरांवर नव्हे, तर इंजिन किती तास चाललें ह्यावर मोजावी लागते, आणि त्या तासांचा हिशेब खिशास जड जातो. किंमत आठ लाखांच्या घरांत. आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठी उणीव ही, कीं तिच्यावर बैठक एकाच माणसाची.

ह्या दोन जातींतील अंतर किती बारीक आणि तरी किती मोठें आहे, हें एका जोडीवरून दिसतें. २०२४ सालीं कावासाकीनें भारतांत एकाच २३३ सीसी इंजिनाच्या दोन गाड्या आणल्या. 'केएलएक्स २३० आर एस' ही आखाड्याची, वजन १२९ किलो; 'केएलएक्स २३०' ही सडकेचीही, वजन १३९ किलो. दुकानांत शेजारीं उभ्या केल्या तर बहिणी वाटाव्या. अंतर दहा किलोंचें, पण कायद्याच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून कोणतेंही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणीं चालवितां येत नाहीं, आणि आखाड्याच्या गाडीची नोंदणीच होत नाहीं. 'पण आम्ही ती आमच्याच शेतांत चालवूं' असें उत्तर मुलें देतात. शेत आपलें खरें. परंतु घरापासून शेतापर्यंतची पांदण गांवाची आहे. तिच्यावरून पोरें, गुरें, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया जातात. नोंदणी नाहीं म्हणून विमा नाहीं. आणि विमा नाहीं म्हणून कोणास इजा झाली, तर भरपाईचें सारें ओझें कुटुंबावर.

येथेंच वडीलधाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची अठरा वर्षें पुरी व्हावीं लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत असें कलम आलें आहे, कीं अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. दहावीच्या निकालाच्या आनंदांत किल्ली हातांत देणाऱ्या काका-मामांनीं हें कलम एकदां वाचावें.

आता त्या एका बैठकीकडे पुन्हा वळूं. एकत्र कुटुंबाची गाडी ही चालविणाऱ्याइतकीच मागें बसणाऱ्याचीही असते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनीं मागें बसणाऱ्यासाठीं धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि चाकांत वस्त्र गुंतूं नये म्हणून आडोसा, हीं तिन्ही आवश्यक ठरविलीं, तीं ह्याच समजुतीनें. आणि प्रसंग केवळ बाजारहाटाचा असतो असें नाहीं. पावसाळ्यांत रानांत सर्पदंश होतो, तेव्हां प्रतिविष किती लवकर मिळतें ह्यावर जीव अवलंबून असतो. मुखेडास हें नव्यानें सांगावयास नको. सर्पदंशावरील उपचारांसाठीं येथील डॉ. दिलीप पुंडे ह्यांचें नांव दूरवर परिचित आहे. नेपाळांत दमक नांवाच्या गांवीं ह्याच शतकाच्या आरंभीं सर्पदंशाच्या रुग्णांस मोटारसायकलवर घालून तांतडीनें उपचारकेंद्रांत पोंचविण्याची व्यवस्था स्वयंसेवकांनीं केली व तिला लोकशिक्षणाची जोड दिली. तेव्हां त्या भागांतील दंशानंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दहाच्या वर होतें, तें शेंकडा एकाच्याही खालीं उतरलें. जीप जेथें पोंचत नाहीं, तेथें मोटारसायकल पोंचली. पण ती दुसऱ्याची जागा असलेली मोटारसायकल होती. एका स्वाराची वेगवान गाडी त्या रात्रीं अंगणांत नुसती उभी राहिली असती.

मात्र कोणत्याही गाडीस वाहत्या पाण्यांत घालूं नये. ऑगस्ट २०२५ मध्यें मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि होऊन रावणगाव, हसनाळ आदि गांवांत पाणी शिरलें आणि माणसें दगावलीं. ती आठवण ताजी आहे. गाडीचें पोट कितीही उंच असो, ओढ्याचें वाहतें पाणी चाकाखालची जमीनच काढून नेतें. तेथें थांबणें हेंच शहाणपण.

एवढें सांगितल्यावर कोणी म्हणेल, कीं आखाड्याच्या गाडीस आमचा विरोध आहे. तसें मुळींच नाहीं. तालमींत जोर काढणाऱ्यास जसें आपण उडाणटप्पू म्हणत नाहीं, तसेंच ह्या विद्येचें आहे. मातीवर तोल सांवरणें, मागचें चाक घसरलें असतां न घाबरणें, उभ्यानें गाडी हांकणें, हें सारें तेथेंच नीट शिकतां येतें. बंगळूरचे सी. एस. संतोष हे २०१५ मध्यें डकारच्या खडतर शर्यतींत उतरले, तसें करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरिथ नोआ ह्यांनीं २०२४ मध्यें तेथेंच आपल्या गटांत पहिला क्रमांक मिळविला. दोघेही ह्या मातीच्या आखाड्यांतच तयार झाले. २८ जानेवारी २०२४ रोजीं पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली, तेव्हां ही विद्या आपल्या दाराशींच आली. ज्या मुलास तिची खरी ओढ आहे, त्यास सुटींत एखाद्या रीतसर प्रशिक्षण देणाऱ्या मैदानावर पाठवावें; शिरस्त्राण, बूट, गुडघ्यांची आणि छातीची ढाल ह्यांवर आधीं खर्च करावा; आणि गाडी तेथीलच भाड्यानें घ्यावी. ओढ दोन-तीन वर्षें टिकली, तर पुढचा विचार करतां येईल.

घरासाठीं मात्र आमचें मत पांदणीच्या गाडीकडे आहे, आणि तेंही गरज असेल तरच. ज्याचें शेत सडकेला लागून आहे, त्यानें साधी शंभर सीसीचीच गाडी बरी समजावी. ती हलकी, बुटकी आणि कमी खर्चाची असते. ज्यांस वर्षांतले चार महिने चिखल तुडवावा लागतो, त्यांनीं ट्रेल गाडी घ्यावी. घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांत बुटक्या चालविणाऱ्यास तिच्यावर बसवून त्याचे पाय टेकतात कीं नाहीं हें पाहावें, आणि आईस किंवा आजीस मागें बसवून एक फेरी मारावी. त्यांना चढतां-उतरतां आलें, तर गाडी घरची झाली. आणि २०२१ पासून राज्यांत शेत व पाणंद रस्त्यांसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजना आहे. गाडीची रक्कम मोजण्यापूर्वीं गांवच्या चार शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन तिचा अर्ज ग्रामपंचायतींत द्यावा, असेंही आम्ही सुचवितों. वाट सुधारली तर ती सर्वांचीच सुधारते.