पडद्यावर मांडलेला हिशेब



चातुर्मास सुरू झाला की आपल्या भवनांत कार्यक्रमांची रांग लागते. पाठशाळेच्या मुलांच्या स्पर्धा, तपस्वींचा सत्कार, तीर्थयात्रेची छायाचित्रे आणि पुष्कळ ठिकाणी त्याच दिवसांत ट्रस्टची वार्षिक सभा. या सर्वांत प्रोजेक्टर आता सतरंजीइतकाच सवयीचा झाला आहे. तो कुठल्या तरी टेबलावर ठेवला जातो, उंची साधण्यासाठी खाली हाताला येईल ते पुस्तक सरकवले जाते आणि पडद्यावर निळा चौकोन उमटताच सभा सुरू होते. (ते पुस्तक कधी कधी पाठशाळेचेच असते. ज्ञानाची आशातना टाळण्यासाठी घरी लहानपणापासून शिकवलेले आपण त्या घाईत विसरतो. लाकडाच्या दोन फळ्या भवनात कायमच्या ठेवाव्यात.)

तीर्थयात्रेची चित्रे थोडी फिकट वा वाकडी दिसली तर फारसे बिघडत नाही. जमाखर्चाचे तसे नाही. चाळीस ओळींचे पत्रक जसेच्या तसे पडद्यावर चढवायचे, ते दोन मिनिटे ठेवायचे, ‘मंजूर?’ असे विचारायचे आणि हात वर झाले की पुढे जायचे, असे अनेक सभांत घडते. यात लबाडी क्वचितच असते. बहुधा घाई असते. परंतु ज्याला आकडा वाचताच आला नाही, त्याच्यापुढे हिशेब मांडला गेला असे कसे म्हणावे? पूर्वी खतावणी समोर उघडी असे आणि भागीदार नोंदीवर बोट ठेवून विचारू शकत असे. पडद्यावरील पुसट आकड्याला बोट लावता येत नाही. देवद्रव्य, जीवदया आणि साधारण ही खाती स्वतंत्र ठेवण्याविषयी आपण इतके दक्ष असतो. मग ती स्वतंत्र आहेत हे दाता स्वतः वाचू शकेल, याविषयीही तितकेच दक्ष असले पाहिजे.

चित्र दाखवून समुदायाला समजावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कल्पसूत्राच्या सचित्र हस्तप्रती पर्युषणात श्रावकांना दाखवल्या जात. मातेची स्वप्ने श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा. दोन्हीकडे ती चित्ररूपाने आजही घराघरांत ओळखीची आहेत. प्रकाशाच्या झोताने पडद्यावर चित्र पाडण्याचा खेळही महाराष्ट्राने सिनेमाच्या आधी पाहिला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास काचेवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दाखवण्यास आरंभ केला. शंबरासुर या मायावी असुरावरून त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ हे नाव मिळाले. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली ती त्यानंतर, ७ जुलै १८९६ रोजी. पटवर्धनांच्या खेळात चित्राबरोबर निवेदन असे आणि बोलणारा पुढे सरकला की चित्र पुढे सरके. आपल्या सभांत नेमके हेच हरवले आहे. एक खाते, एक स्लाइड, सात-आठ ओळी. आणि खजिनदाराने त्या खात्याविषयी बोलून झाल्याशिवाय पुढची स्लाइड नाही. सभा वीस मिनिटांनी लांबेल. लांबू द्यावी.

आता मापाकडे वळू. मजकूर वाचायचा असेल तर शेवटच्या श्रोत्याचे अंतर पडद्यावरील चित्राच्या उंचीच्या सहापटीहून अधिक नसावे, असा या व्यवसायातील आडाखा आहे. चित्र ५ फूट उंच असेल तर ३० फुटांपर्यंतच वाचन सुखाचे होते. आपली अनेक भवने याहून लांब असतात. १० फूट उंचीचे चित्र पाडणे सर्वांना शक्य नाही. म्हणून दोनच उपाय उरतात: हिशेबाच्या वेळी सर्वांना पुढे बसवणे किंवा अक्षर मोठे करणे. सभेच्या आधी स्वतः शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून पाहावे. साठी उलटलेल्या एखाद्या काकांना सोबत न्यावे, म्हणजे खरा निकाल कळेल.

यंत्र कुठे ठेवावे, हे माहितीपुस्तिकेतील एका आकड्यावर ठरते. अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे ‘थ्रो रेशो’. तो १.५ असेल आणि चित्र ८ फूट रुंद हवे असेल, तर भिंग पडद्यापासून १२ फुटांवर येते. आपल्याकडे बंधू आणि भगिनी दोन बाजूंना बसतात आणि मध्ये वाट असते. टेबलाची योग्य जागा बहुधा तीच. वायर मात्र वाटेत मोकळी सोडू नये, ती चिकटपट्टीने जमिनीला पक्की करावी. भिंग पडद्याला सरळ समोरून पाहील असे टेबल लावावे. खालून वर तिरपा झोत टाकला की चित्राचा चौकोन वर रुंद होतो. ‘कीस्टोन’ बटणाने तो आकार सरळ करता येतो. पण त्यात यंत्र चित्राचा काही भाग वाया घालवते आणि अक्षरांची धार जाते. आकड्यांसाठी हा सौदा तोट्याचा.

प्रकाशाचा प्रश्न नागपुरात विशेष बिकट आहे. दुपारचे ऊन खिडकीतून आत आले की पडद्यावरील काळे अक्षर राखाडी होते, कारण प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळे म्हणजे केवळ प्रकाश न पडलेली जागा. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मुलांना नेलेल्या पालकांना हे सांगायला नको. अंधार पुरेसा झाल्याशिवाय तेथेही तारे उमटत नाहीत. कार्यक्रम रात्री ठेवला तर अंधार आपोआप मिळतो, परंतु पावसाळ्यात तेजस्वी झोताभोवती कीटक जमतात आणि गरम यंत्राच्या पंख्यापाशी त्यांची विराधना होते. म्हणून चातुर्मासात दिवसाचीच वेळ योग्य, आणि दिवसा जाड पडदे अपरिहार्य. पडद्याजवळचे दिवे बंद करावेत, मागचे राहू द्यावेत. ज्येष्ठांना उठता-बसता यावे आणि टिपण घेणाऱ्याला कागद दिसावा. साधू-साध्वींच्या उपस्थितीत यंत्र लावावे की नाही, हे त्यांची आज्ञा घेऊनच ठरवावे. अग्निकायाचा विचार त्यांच्यासाठी व्रताचा आहे.

खरेदी करताना आपण व्यापारी आहोत हे विसरू नये. जाहिरातीतील ल्युमेनचे आकडे अनेकदा फुगवलेले असतात. ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ किती, हे लेखी मागावे. हा प्रमाणित काटा आहे. पडदे ओढलेल्या मध्यम सभागृहाला साधारण ३,५०० पुरतात. दिव्याच्या यंत्रात काही हजार तासांनी दिवा बदलावा लागतो; लेसरचे यंत्र महाग, पण त्याचे आयुष्य अनेकदा २०,००० तासांच्या घरात सांगितले जाते. वर्षाला दहा कार्यक्रम असतील तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणेच शहाणपणाचे. उन्हाळी शिबिरात यंत्र कूलरच्या झोतात ठेवू नये. ओलसर वारा आणि खसाचा कचरा दोन्ही त्याच्या जाळीत जाऊन बसतात.

ऐन वेळी सर्वाधिक फजिती होते ती मराठी अक्षरांची. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडला की ताळेबंदाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये टंकावे आणि पीडीएफ करून न्यावे. चित्र लॅपटॉपवर दिसते पण पडद्यावर नाही, असे झाल्यास विंडोजचे बटण दाबून धरून ‘पी’ दाबावे आणि ‘डुप्लिकेट’ निवडावे. ध्वनिफीत असेल तर आवाजाची वायर सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला जोडावी. यंत्राचा स्वतःचा आवाज चार रांगांपलीकडे जात नाही.

सभा संपताच प्लग ओढण्याची घाई नको. रिमोटवरून यंत्र बंद करावे आणि आतील पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी, कारण तापलेला दिवा अचानक गार होऊ न शकल्याने लवकर निकामी होतो. तेवढ्या वेळात सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात. आणि दारापाशी हिशेबाच्या छापील प्रती ठेवाव्यात, त्यावरील ओळींचे क्रमांक पडद्यावरील ओळींशी जुळणारे असावेत. मग मागच्या रांगेतील आजोबा ‘अकरावी नोंद पुन्हा दाखवा’ असे म्हणू शकतील, आणि खजिनदारांना ती दाखवावी लागेल.